व्हिसाच्या फाइलमधला एकेक कागद कुठून आला?

आजचा भाग थोडा घरगुती आहे आणि बराचसा इतिहासाचा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलंय. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ बरेच गाळलेत, सगळे नाही.

तर झालं असं. माझी ताई युरोपात असते, शेंगेन देशांपैकी एका देशात. मागच्या वर्षी तिला बाळ झालं. आई-बाबांनी जायचं ठरवलं, अर्ज केला, मुलाखत झाली, बोटांचे ठसे दिले आणि तीन आठवड्यांनी दोघांचेही पासपोर्ट परत आले. सोबत एक छापील कागद. त्यावर नकाराची कारणं ओळीनं छापलेली असतात आणि तुम्हाला लागू असेल त्या चौकोनात खूण केलेली असते. आमची खूण होती ती अशा अर्थाच्या वाक्यापुढे, की व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही परत जाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. त्यांनी तो कागद दोनदा वाचून घेतला, मग म्हणाले, “तीस वर्षं मी लोकांची तिकिटं बघितली, पास बघितले, सवलतीची कार्डं बघितली. पण परत येणार आहेस हे आधी सिद्ध कर आणि मग गाडीत चढ, असं कुणाला म्हटलं नाही. हे मलाच का सिद्ध करायचं?”

मला उत्तर देता आलं नाही. ताईचं बाळंतपण आईशिवाय झालं. या वर्षी बाळाच्या पहिल्या वाढदिवसासाठी आम्ही परत फाइल करायला घेतली, आणि या वेळी मी एक गोष्ट केली. चेकलिस्ट उघडली आणि प्रत्येक ओळीपुढे लिहीत गेलो, की ही अट मुळात आली कुठून? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही सवय असते. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र अट दिसली की ती कुणी, कधी आणि कशासाठी टाकली ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा असं निघतं, की कधीतरी काहीतरी घडलं होतं, त्यासाठी टाकलेली अट आहे, आणि ती घटना विसरली गेली तरी अट तशीच चालू आहे.

व्हिसाची चेकलिस्ट तशीच निघाली. चला, एकेक कागद बघू.

पासपोर्ट

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करू. ७ एप्रिल १८८३ला त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. अमेरिकेत जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्याकडे व्हिसा होता का? नाही, कारण तेव्हा तशी भानगडच नव्हती. पहिल्या महायुद्धाआधी रशिया, ऑटोमन साम्राज्य असे काही देश सोडले तर सामान्य प्रवाशाला पासपोर्ट विचारायची रीत नव्हती. पैसे आणि बोटीचं तिकीट असलं की माणूस निघू शकत होता.

मग आनंदीबाईंना काय तयारी करावी लागली? निघण्याआधी श्रीरामपूरला त्यांनी एक जाहीर भाषण केलं. बंगालमधलं श्रीरामपूर, जिथं गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. मी अमेरिकेला का जातेय, एकटी का जातेय, धर्म सोडणार आहे का, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय, अशा प्रश्नांना त्यांनी तिथं एकेक करून उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांना लोकांसमोर सांगावं लागलं.

हे वाचताना मी थांबलो. म्हणजे जशी जाईन तशीच परत येईन याची हमी आनंदीबाईंनाही द्यावी लागली होती. फक्त ती मागणारे इथले होते, तिथले नव्हते.

पासपोर्ट सगळीकडे आला तो १९१४च्या महायुद्धात. हेरांची भीती, फितुरीची भीती, सैन्यात भरती होण्याच्या वयाची माणसं देशाबाहेर निसटण्याची भीती. युरोपातल्या सरकारांनी तात्पुरती व्यवस्था म्हणून पासपोर्ट सक्तीचा केला. भारतातही युद्धाच्या काळातच पासपोर्टची अट आली आणि १९२०मध्ये भारतात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा झाला. गंमत म्हणजे तो १९२०चा कायदा शंभर वर्षांहून जास्त टिकला. २०२५च्या नव्या कायद्यानं तो रद्द केला.

युद्ध संपलं, पण तात्पुरती व्यवस्था गेली नाही. ऑक्टोबर १९२०मध्ये राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद भरवली. लगेच जुन्या मोकळ्या काळात जाता येणार नाही, पण निदान सगळ्यांचे पासपोर्ट सारखे करू, असं ठरलं. ३२ पानांची पुस्तिका, १५.५ बाय १०.५ सेंटिमीटर. आज तुमच्या कपाटात जो पासपोर्ट आहे तो आकारानं थोडा लहान झालाय, पण पुस्तिका तीच. पुढं पासपोर्टची अट उठवता येईल अशी आशा त्या वेळी बोलून दाखवली गेली होती. आपल्याकडं रस्त्यावर ‘तात्पुरता वळणमार्ग’ अशी पाटी लागते आणि पुढं दहा वर्षं तोच रस्ता होतो, त्यातलाच हा प्रकार.

फोटो

३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, हसायचं नाही. आईचा फोटो दोनदा काढावा लागला कारण पहिल्यात ती हसत होती.

आता मी मघाशी म्हटलं, की १९१४च्या आधी कागद लागत नव्हते. ते अर्धंच खरं आहे. ज्याच्याकडे स्वतःच्या तिकिटाचे पैसे होते त्याला लागत नव्हते. मजुरांना लागत होते.

१८३४मध्ये ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्यानं संपली आणि त्याच वर्षी मॉरिशसच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून करारानं मजूर न्यायला सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख लोक एकट्या मॉरिशसला गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले लोकही होते. मॉरिशसमध्ये आजही जो मराठी समाज आहे त्याची सुरुवात ही.

या मजुरांचा सगळा तपशील नोंदला जायचा. नाव, बापाचं नाव, वय, गाव, जात, अंगावरच्या खुणा. वैद्यकीय तपासणी व्हायची. आणि १८६०च्या दशकापासून मॉरिशसमध्ये त्यांचे फोटो काढून नोंदींना जोडले जाऊ लागले. तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हे दप्तर जपून ठेवलंय. बडे लोक बिनाफोटोचे बिनधास्त फिरत होते तेव्हा आमच्या रत्नागिरीकडच्या एखाद्या मजुराचा समोरून काढलेला फोटो सरकारी दप्तरात होता. सर्वसाधारण पासपोर्टवर फोटो आला तो पहिल्या महायुद्धात, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी.

थोडक्यात, दोन रांगा पहिल्यापासूनच होत्या. साहेबाला शब्दावर सोडायचं आणि मजुराचा कागद बघायचा. महायुद्धानंतर कागद सगळ्यांना लागू झाला, पण कुणाचा किती बारकाईनं बघायचा हा फरक तसाच राहिला.

बँकेचं स्टेटमेंट

आनंदीबाई गेल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२मध्ये, अमेरिकेनं दोन कायदे केले. एक चिनी मजुरांना बंदी करणारा. दुसरा सगळ्यांसाठी. बोटीनं येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसामागे ५० सेंट कर, आणि जो स्वतःचं पोट स्वतः भरू शकणार नाही, सरकारच्या गळ्यात पडेल, अशा माणसाला उतरू द्यायचं नाही. तुमच्या फाइलमधल्या सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटचं मूळ शोधत मागं गेलं तर या विचाराशी येऊन थांबतं. तुम्ही आमच्यावर ओझं होणार नाही ना, एवढाच प्रश्न.

पण आपल्याकडं या गोष्टीला आणखी एक पदर आहे. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं उलटा प्रश्न होता. परकीय चलनाची इतकी टंचाई होती, की आपलंच सरकार तुम्हाला पैसे बाहेर नेऊ देत नव्हतं. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेला गेलेल्या पिढीतल्या कुणालाही विचारा, “खिशात ८ डॉलर घेऊन उतरलो” हे वाक्य हमखास येईल. ते बढाई मारत नाहीत, तेवढेच मिळायचे. शिवाय ‘पी फॉर्म’ नावाचा एक प्रकार होता. परदेशाचं विमानाचं तिकीट काढायचं तर रिझर्व्ह बँकेची मंजुरी हवी. म्हणजे तिकडचा अधिकारी विचारणार, पैसे किती आणलेत? आणि इकडचा बघणार, की जास्त तर नेत नाहीयेत ना?

‘फेरा’ जाऊन २०००मध्ये ‘फेमा’ आला. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेनं सामान्य माणसाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत पाठवायची मोकळीक दिली आणि आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. आता फोनवर दोन मिनिटांत फॉरेक्स कार्ड भरतं. बाबांच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत हा वेगळा मुद्दा. पण असते तर नेता आले असते, हेसुद्धा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत खरं नव्हतं.

तिकीट

चेकलिस्टमधली सगळ्यात निरागस दिसणारी ओळ म्हणजे जाण्या-येण्याचं तिकीट. आणि इतिहासात सगळ्यात जास्त रडवणारी हीच.

१९०८मध्ये कॅनडानं एक नियम केला. येणारा माणूस आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून सलग प्रवास करून, तिथंच काढलेल्या थेट तिकिटावर आला पाहिजे. नियमात भारताचं नाव कुठंही नाही. वाचून वाटेल, ठीक आहे, वाहतुकीचा काहीतरी नियम असेल. पण भारतातून कॅनडाला थेट बोटीची सोय नव्हती, आणि होणार नाही याची काळजी घेतली गेली होती. त्यात आशियाई माणसाकडे उतरताना २०० डॉलर हवेत ही आणखी एक अट. भारतीय तर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, त्यांना उघड ‘येऊ नका’ म्हणणं अवघड होतं. म्हणून तिकिटाची अट.

बाबा गुरदित सिंग यांनी ही अट तपासून बघायची ठरवलं. त्यांनी ‘कोमागाता मारू’ नावाची जपानी बोट भाड्यानं घेतली. ४ एप्रिल १९१४ला बोट हाँगकाँगहून निघाली, शांघाय, मोजी, योकोहामा करत २३ मे रोजी व्हँकूवरला पोचली. ३७६ प्रवासी. ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. किनारा समोर दिसतोय आणि उतरता येत नाही, असे दोन महिने ते बंदरात अडकून होते. अन्नपाण्याची ओढाताण, कोर्टात हार. शेवटी फक्त २४ जणांना उतरू दिलं आणि २३ जुलैला कॅनडाच्या युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परत फिरवली. २९ सप्टेंबरला ती कलकत्त्याजवळ बजबजला लागली. तिथं पोलिसांशी झटापट झाली, गोळीबार झाला आणि जवळपास २० प्रवासी मेले. १८ मे २०१६ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या प्रकरणाची माफी मागितली. मधे १०२ वर्षं गेली.

हे मी आई-बाबांना जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, “तिकीट असून उतरू दिलं नाही?” कंडक्टरच्या डोक्यात हे बसतच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आजचं रिटर्न तिकीट आणि तेव्हाची अट एक नाही. बरोबर आहे, एक नाही. आजची अट सगळ्या अर्जदारांना सारखी आहे आणि ती पाळता येते. पण ‘नियमात कुणाचंच नाव नाही, म्हणून तो सगळ्यांना सारखा’ हे गृहीत धरू नये, एवढं मी या बोटीवरून शिकलो. नियम कुणाला पाळता येतो तेही बघायचं असतं.

बोटांचे ठसे

शेंगेन व्हिसासाठी भारतातल्या अर्जदारांचे दहाही बोटांचे ठसे नोव्हेंबर २०१५पासून घेतात. एकदा दिले की साधारण पाच वर्षं, नेमकं सांगायचं तर ५९ महिने, चालतात.

हे तंत्र वाढलं भारतात. १८५८मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराचा पंजा करारपत्रावर उमटवून घेतला, पुढं त्यानं करार नाकारू नये म्हणून. १८९७मध्ये कलकत्त्यात ठशांचं सरकारी खातं सुरू झालं. ठशांची वर्गवारी कशी लावायची ही पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावानं जगभर गेली, पण त्यामागचं गणित आणि मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांची. लाखो ठशांमधून एक ठसा पटकन कसा शोधायचा, हा तो प्रश्न. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी इंडेक्स बांधला.

आणि याच ठशांविरुद्ध पहिला मोठा लढाही भारतीयांचाच. १९०६मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये आठ वर्षांवरच्या सगळ्या आशियाई लोकांनी ठसे देऊन नोंदणी करावी असा वटहुकूम आला. ११ सप्टेंबर १९०६ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये भारतीयांची सभा झाली आणि हा कायदा पाळणार नाही अशी शपथ घेतली गेली. सत्याग्रहाची सुरुवात तिथून धरतात. १६ ऑगस्ट १९०८ला हमीदिया मशिदीसमोर कढईत दोन हजारांवर नोंदणीपत्रं जाळली गेली. गांधीजींची हरकत ठशांच्या शाईला नव्हती. गुन्हा केलेला नसताना फक्त आशियाई म्हणून गुन्हेगारासारखी नोंद का, ही होती.

आईनं मात्र काचेवर बोटं ठेवताना मशीनला नमस्कार केला.

पासपोर्टचं दुसरं पान

आता जरा आपल्या घरात बघू. आईचा पासपोर्ट सहा वर्षांपूर्वी काढून ठेवलाय, तेव्हा ती ४८ची होती. त्यावर ‘ईसीआर’ आहे. तिनं विचारलं, “हे माझ्याच का? तुझ्या बाबांच्या नाही.” याचं उत्तर द्यायला मला जड गेलं. आई नववी पास आहे.

१९८३च्या आपल्या कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची परवानगी लागते. हेतू चांगला आहे. एजंट फसवतात, तिकडं मालक पासपोर्ट काढून घेतात, पगार देत नाहीत. ते रोखायला ही तपासणी. ती करणाऱ्या अधिकाऱ्याचं इंग्रजी पदनाम ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’, आणि हे पदनाम थेट एकोणिसाव्या शतकातलं आहे. मॉरिशसला मजूर पाठवताना बंदरावर बसायचा तोच हा अधिकारी. मधे साम्राज्य गेलं, पाटी राहिली.

जानेवारी २०१८मध्ये सरकारनं जाहीर केलं, की ईसीआरवाल्यांचे पासपोर्ट नारिंगी रंगाचे करायचे. म्हणजे विमानतळावरच्या रांगेत लांबूनच कळणार, की हा दहावी झालेला नाही. खूप ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला सरकारनं तो बेत मागं घेतला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ही बातमी वाचून पुढं गेलो होतो. आता आईचं पान बघताना ती बातमी परत वाचली.

शेंगेन व्हिसाला ईसीआरनं काही फरक पडत नाही, आणि पन्नाशीनंतर ती अटही लागू राहत नाही. पुढचा पासपोर्ट काढताना ते जाईल. हे आईला सांगितलं तर म्हणाली, “असू दे आता. नववी पास आहे ते खरंच आहे.”

नकाराचा कागद

आता बाबांच्या प्रश्नाकडं.

१९६७पर्यंत भारतात पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. तसा कायदाच नव्हता. सतवंत सिंग साहनी नावाचे एक व्यापारी होते, मोटारींच्या सुट्या भागांचा धंदा करणारे. आयात परवान्यासंबंधी त्यांची चौकशी चालू होती म्हणून सरकारनं त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० एप्रिल १९६७ला तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं निकाल लागला, की परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि कायदा नसताना सरकार ते काढून घेऊ शकत नाही. एका न्यायाधीशाचं मत इकडचं तिकडं झालं असतं तर निकाल उलटा लागला असता. मग सरकारची धावपळ झाली आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. आपण पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घेऊन बसतो आणि पासपोर्ट मिळणं हा हक्क समजतो, त्याचा पाया हा.

दहा वर्षांनी, जुलै १९७७मध्ये, मनेका गांधींना सात दिवसांत पासपोर्ट जमा करा असं पत्र गेलं. त्यांनी कारण विचारलं. सरकारनं कळवलं, की सार्वजनिक हितासाठी कारण सांगता येत नाही. २५ जानेवारी १९७८च्या निकालानं सांगितलं, की नुसता कायदा असून भागत नाही. त्यातली पद्धतही न्याय्य हवी, आणि माणसाला त्याची बाजू मांडायला मिळाली पाहिजे. आपल्या घटनेच्या अभ्यासात हा निकाल मैलाचा दगड मानतात, आणि तो एका पासपोर्टवरून झाला.

मग परदेशी व्हिसाचं काय? तिथं आपली घटना चालत नाही. दुसऱ्याच्या घरात जायचा आपल्याला हक्क नसतो, हे मान्य करायला हवं. पण शेंगेन देशांनी २००९मध्ये स्वतःसाठी जो व्हिसा कोड केला त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल रास्त शंका असेल तर व्हिसा नाकारायचा. दोन, नाकारला तर ठरलेल्या फॉर्मवर कारण द्यायचं, आणि अपिलाचा हक्क द्यायचा.

म्हणजे मागच्या वर्षी आम्हाला अपमान वाटलेला तो चौकोनी खुणांचा कागद हा खरंतर आमच्या बाजूचा एकमेव कागद होता. कारण सांगायचंच नाही, इथपासून एका चौकोनात खूण करून सांगायचं, इथपर्यंत यायला जगाला बराच वेळ लागला. आम्ही तो चिडून ड्रॉवरमध्ये टाकला होता. अपिलाची मुदत गेली तेव्हा आम्हाला ती होती हेसुद्धा माहीत नव्हतं.

“परत येणार हे मलाच का सिद्ध करायचं?” याचं माझं उत्तर असं, की बाबा, पासपोर्टच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यात पासपोर्ट क्रमांकापुढं, जन्मतारखेपुढं, मुदतीपुढं एकेक तपासणी-अंक असतो. आकड्यांना ओळीनं ७, ३, १ नं गुणायचं, बेरजेला दहानं भागायचं, बाकी जुळली पाहिजे. आकडा चुकीचा वाचला गेला तर मशीन तिथल्या तिथं पकडतं. पण माणूस परत येईल का, याचा तपासणी-अंक कुणालाच काढता आलेला नाही. म्हणून ते तुमचं घर, पेन्शन, शेत, नातवंडं असं काय काय मागतात आणि अंदाज बांधतात. तो अंदाज गरिबाबद्दल जास्त कडक असतो. १८८२पासून आहे. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण समोरच्याला कशाची शंका आहे हे कळलं, की आपली फाइल नीट लावता येते.

आणि या वेळी आम्ही तशीच लावली. तुमच्या घरीही कुणाची फाइल चालू असेल तर ऐकून ठेवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत शिल्लक, दोन पानं कोरी. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षण दाखवा. खात्यात अर्जाच्या आदल्या दिवशी एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती लगेच दिसते. आणि परत येण्याची कारणं कागदावर दिसू द्या. आम्ही मागच्या वेळी बाबांच्या पेन्शनचा एकच कागद जोडला होता. या वेळी घराचा उतारा, आजीच्या आजारपणाचे कागद (तिची देखभाल आईच करते), आणि मागच्या नकाराबद्दल काही न लपवता लिहिलेलं एक पानी पत्र जोडलं. विमानतळावर आणखी एक तपासणी होते, मुंबईलाच, चेक-इनला. चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर विमान कंपनीला दंड होतो, म्हणून त्यांचे लोक सगळं परत बघतात. कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको.

व्हिसा आला. तीस दिवसांचा. आईनं मेतकूट, गोडा मसाला, बाळाला झबली भरली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून घरच्या तुपाची बरणी ओट्यावरच राहिली. त्यावर ती अजून नाराज आहे.

बाबांनी निघताना फाइल माझ्याकडं मागितली आणि मागच्या वर्षीचा नकाराचा कागद तिच्यात सगळ्यात मागं लावून ठेवला. मी म्हटलं, “बाबा, आता त्याचं काय काम?” म्हणाले, “राहू दे. परत आल्यावर त्याच्यावर तारीख लिहायची आहे.”

तुमच्या घरात कुणाचा जुना पासपोर्ट असेल, आजोबांचा, आत्याचा, तर तो एकदा उघडून बघा. कुठल्या देशांची नावं त्यात लिहिलीत, किती पैसे न्यायची नोंद आहे, फोटोत माणूस कसा बघतोय. काही विशेष सापडलं तर नक्की कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, भेटू.